असिसीला नकार देणारे कॅथलिक

२७ ऑक्टोबर १९८६. इटलीतलं असिसी हे संत फ्रान्सिसचं गाव. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिथे जगभरच्या धर्मप्रमुखांना शांतीच्या प्रार्थनेसाठी बोलावलं होतं. दलाई लामा आले, कँटरबरीचे आर्चबिशप आले, ज्यू रब्बी, मुस्लिम, हिंदू, शीख, जैन, पारशी आले, आफ्रिका आणि अमेरिकेतल्या आदिवासी परंपरांचे लोकही आले. दिवसभर उपास झाला, गावातल्या वेगवेगळ्या जागी ज्याच्या त्याच्या पद्धतीने प्रार्थना झाली आणि शेवटी सगळे एका चौकात जमून एकामागून एक प्रार्थना म्हणाले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या दिवसाचं मनापासून स्वागत केलं.

२ डिसेंबरला दोन कॅथलिक बिशपांनी एक जाहीर निवेदन काढलं. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लफेव्र आणि ब्राझीलमधल्या कांपोसचे निवृत्त बिशप आंतोनियो दे कास्त्रो मायर. असिसीत जे झालं ते देवाच्या एकत्वाविरुद्ध आणि ख्रिस्ताविरुद्ध उघडपणे केलेलं पाप आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून धक्का बसतो. ‘आकाशात् पतितं तोयं यथा गच्छति सागरम्’ हा श्लोक आपल्यापैकी कित्येकांच्या कानावर लहानपणीच पडलेला असतो. आभाळातून पडलेलं पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं, तसा कुठल्याही देवाला केलेला नमस्कार एकाच ठिकाणी पोचतो. शाळेत सर्वधर्मसमभाव शिकवला जातो. मग चार धर्मांची माणसं शांतीसाठी एकत्र उभी राहिली, तर त्यात पाप कसलं?

या लेखात त्या आक्षेपामागचा विचार उलगडायचा आहे. मला तो पटत नाही, हे आधीच सांगतो. पण त्याला नुसता कर्मठपणा म्हणून बाजूला सारणंही मला चुकीचं वाटतं. त्यामागे एक सलग तर्क आहे, आणि तो कळल्याशिवाय गेल्या साठ वर्षांतलं कॅथलिक चर्चमधलं सर्वांत खोल भांडण कळत नाही.

आधी माणसं ओळखून घेऊ. ‘परंपरावादी’ या नावाखाली तीन वेगळे गट येतात. पहिला लफेव्र यांचा. १९७० मध्ये त्यांनी संत पायस दहावे यांच्या नावाने धर्मगुरूंचा संघ काढला. संघ पोपला पोप मानतो, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतल्या, म्हणजे १९६० च्या दशकात भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेतल्या, काही शिकवणी स्वीकारत नाही. दुसरा गट लॅटिन भाषेतल्या जुन्या मिस्सेवर, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीवर, प्रेम करणाऱ्यांचा. हे रोमच्या आज्ञेत राहून, दबक्या आवाजात तेच प्रश्न विचारतात. तिसरा गट अगदी टोकाचा: परिषदेनंतरचे पोप खरे पोपच नाहीत, संत पेत्राचं आसन रिकामं आहे, असं तो मानतो. यातल्या पहिल्या गटाचा युक्तिवाद सर्वांत नीट मांडलेला आहे, म्हणून मी मुख्यतः त्याच्याबद्दल लिहितो.

सगळ्याचं मूळ चर्च म्हणजे काय, या प्रश्नात आहे. जुन्या कॅथलिक शिकवणीप्रमाणे ख्रिस्ताने एकच ख्रिस्तसभा स्थापली, तिच्या हाती संस्कार आणि शिकवण सोपवली, आणि माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, तिच्यातूनच होतं. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या संत सिप्रियनपर्यंत मागे जातं. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने ते फार कडक शब्दांत मांडलं: मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि चर्चपासून फुटलेले लोक मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत, तर त्यांना चिरंतन जीवन नाही.

एवढ्यावरून ‘हे लोक बाकी सगळ्यांना नरकात पाठवतात’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तिथे त्यांच्यावर अन्याय होतो. ज्याला काही दोष नसताना ख्रिस्ताची ओळखच झाली नाही, जो सदसद्विवेकाने जगला, त्याला देवाची कृपा वाचवू शकते, हे पोप पायस नववे यांनी १८६३ मध्येच लिहिलं होतं. विसाव्या शतकात बॉस्टनच्या लेनर्ड फीनी नावाच्या धर्मगुरूंनी सूत्राचा अगदी शब्दशः अर्थ लावायचा हट्ट धरला, तेव्हा रोमनेच १९४९ मध्ये तो अर्थ नाकारला. १९५३ मध्ये फीनी बहिष्कृत झाले. हे सगळं परिषदेच्या आधीचं आहे. लफेव्र स्वतः गॅबन आणि सेनेगलमध्ये आयुष्याची अनेक वर्षं मिशनरी होते, मुस्लिमबहुल डकारचे आर्चबिशप होते. त्यांची भूमिका अशी: दुसऱ्या धर्मात असलेल्या माणसाचं तारण होऊ शकतं, पण त्या धर्मामुळे होत नाही, झालं तर ख्रिस्तामुळे आणि त्याच्या चर्चमुळेच होतं.

हा फरक नीट लक्षात ठेवावा. पुढचा जवळजवळ प्रत्येक आक्षेप याच्याशी जोडलेला आहे. माणूस आणि त्याचा धर्म या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाचा आदर करा, त्याच्यासाठी जीव द्या, पण त्याच्या धर्माला देवाकडची वाट म्हणू नका.

ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याचा प्रश्न यातूनच येतो. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची मोठी परिषद भरली. विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र यावं, समान गोष्टी शोधाव्यात, असा तिचा हेतू. रोमने भाग घेतला नाही, आणि ६ जानेवारी १९२८ रोजी पोप पायस अकरावे यांनी ‘मोर्तालियुम आनिमोस’ हे परिपत्रक काढलं. एकी ही नव्याने घडवायची गोष्ट नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ती कॅथलिक चर्चमध्ये पहिल्यापासून आहे. जे बाहेर गेले त्यांनी परत यावं, ऐक्याची दुसरी वाट नाही. परंपरावादी आजही हे परिपत्रक पुढे करतात.

मग १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, आणि सूर बदलला. २१ नोव्हेंबर १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशाने प्रोटेस्टंटांना ‘विलग झालेले बंधू’ म्हटलं आणि त्यांच्या चर्चांमधूनही पवित्र आत्मा काम करतो, असं मान्य केलं. त्याच दिवशी मंजूर झालेल्या चर्चविषयक दस्तऐवजात ख्रिस्ताचं चर्च म्हणजेच कॅथलिक चर्च, असं सरळ न म्हणता ते कॅथलिक चर्चमध्ये ‘अस्तित्वात आहे’ अशा अर्थाचं लॅटिन क्रियापद वापरलं गेलं. बाहेरच्या माणसाला हा बारकावा किरकोळ वाटेल. परंपरावाद्यांना इथे भिंतीला भगदाड पडलेलं दिसलं. ‘आहे’ म्हटलं की दार एकच. ‘मध्ये आहे’ म्हटलं की थोडं इतरत्रही असू शकतं, अशी जागा उरते.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचं ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन आलं. बाजूने २२२१ मतं, विरोधात ८८. हिंदू लोक दैवी रहस्याचं चिंतन करतात, पुराणकथांतून आणि तत्त्वज्ञानातून ते मांडतात, ध्यान आणि भक्तीतून मुक्ती शोधतात, अशा अर्थाची वाक्यं त्यात आहेत. या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे हे सांगत राहण्याचं कर्तव्यही तिथेच लिहिलेलं आहे. पण आक्षेप घेणारे म्हणतात, गुणगान भरपूर आणि चूक कुठे आहे त्याबद्दल अवाक्षर नाही. मिशनरी आपला गाव सोडून आफ्रिकेत, आशियात जातो, तापाने मरतो, तो कशासाठी?

७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेने तर १८६४ मध्ये पायस नववे यांनी काढलेल्या ‘चुकांच्या यादी’लाच छेद दिला, असं त्यांचं मत आहे. माणसांना हक्क असतात, चुकीला नसतात, असं जुनं तत्त्व होतं. परिषदेने म्हटलं की धर्माच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये, हा माणसाचाच हक्क आहे. त्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा मला इथे दिसतो. शंभर वर्षांच्या अंतराने काढलेले हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले तर प्रश्न पडतोच. सातत्य दाखवता येतं, पण त्यासाठी बरीच मेहनत घ्यावी लागते.

या गोष्टीत मुंबईलाही एक जागा आहे. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी पोप पॉल सहावे मुंबईत आले होते. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली: असत्यातून सत्याकडे, अंधारातून प्रकाशाकडे, मृत्यूतून अमृताकडे ने. ‘नोस्त्रा एताते’ मंजूर व्हायला अजून जवळजवळ वर्ष होतं. एका पोपने उपनिषदातल्या शब्दांत माणसाची देवाची ओढ ओळखावी, ही मला फार मोठी घटना वाटते. परंपरावादी मात्र विचारेल: ही प्रार्थना ज्या सत्याकडे बोट दाखवते, ते नाव घेऊन सांगणं हे पोपचं काम नव्हतं का?

आता असिसीकडे वळू, कारण कागदावरचे वाद तिथे डोळ्यांना दिसू लागले. १९१७ च्या चर्च कायद्यातलं कलम १२५८ कॅथलिकांना बिगर-कॅथलिक उपासनेत सक्रिय भाग घ्यायला मनाई करत होतं. शेजाऱ्याच्या लग्नाला किंवा मयताला सौजन्य म्हणून नुसतं हजर राहायची मुभा होती. उपासना हे श्रद्धेचं कबुलीपत्र आहे, हा त्यामागचा विचार. ज्यावर विश्वास नाही, त्याची कबुली देणं म्हणजे खोटं बोलणं. व्हॅटिकनने असिसीबद्दल काळजीपूर्वक खुलासा केला होता: आम्ही एकत्र येऊन प्रार्थना केली, एकत्र प्रार्थना केली नाही, शब्द ज्याचे त्याचे होते. आक्षेप असा, की टीव्हीवर बघणाऱ्या शेतकऱ्याला किंवा शाळकरी मुलाला हा फरक कोण समजावणार? एका रांगेत उभे असलेले धर्मगुरू त्याला दिसतात, आणि सगळं सारखंच आहे हे तो शिकतो. तिथल्या एका चर्चमध्ये वेदीवर बुद्धाची मूर्ती ठेवली गेल्याच्या बातमीने तर या लोकांच्या काळजाला घरं पडली. ज्याच्या लेखी त्या वेदीवर देव स्वतः भाकरीच्या रूपात येतो, त्याचं दुःख मला खोटं वाटत नाही.

पण याच वर्षी एक प्रकार भारतातही घडला, आणि तो त्यांची दुसरी बाजू दाखवतो. फेब्रुवारी १९८६ मध्ये जॉन पॉल दुसरे भारत दौऱ्यावर होते. गोवा, मुंबई, पुणे इथेही आले. या दौऱ्यात एका बाईने त्यांना कुंकू लावलं, त्याचा फोटो निघाला. युरोप-अमेरिकेतल्या परंपरावादी पत्रकांत तो ‘पोपने शिवाच्या उपासकांची खूण लावून घेतली’ अशा मथळ्याने फिरला. ती बाई कॅथलिक होती आणि हे पाहुण्याचं औक्षण होतं, असा खुलासा नंतर व्हॅटिकनकडून झाला. आपल्याकडच्या कुणालाही हे सांगायची गरज पडणार नाही. दारात आलेल्या माणसाला ओवाळणं म्हणजे त्याला धर्मांतरित करणं नव्हे. पॅरिसमध्ये बसून दुसऱ्याच्या अंगणातल्या चालीरीतींवर निकाल दिला की काय होतं, ते इथे दिसतं.

रूप आणि आशय यांतला फरक करणं कॅथलिकांना नवीन नाही. १६१६ मध्ये गोव्यात छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ थॉमस स्टीफन्स या मिशनऱ्याने लिहिलं ते मराठी ओवीत, आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. आशय पूर्णपणे ख्रिस्ती आणि हेतू धर्मशिक्षणाचाच होता. परंपरावादी माणूस एवढं सहसा मान्य करतो. त्याचं भांडण सुरू होतं ते १९६९ पासून, जेव्हा रोमने भारतीय बिशपांच्या मागणीवरून मिस्सेत बारा बदलांना परवानगी दिली: जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, आरती वगैरे. तमिळनाडूतल्या शांतिवनमसारख्या ख्रिस्ती आश्रमांत उपनिषदांचं वाचन होऊ लागलं. पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७० च्या दशकात कॅथलिक आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) सिस्टर्स एकाच छपराखाली राहू लागल्या. ओवी चालते, पण उपनिषद प्रार्थनेत आलं की रूपाची सीमा ओलांडली, असं ते म्हणतात. लफेव्र यांच्या संघाचं तमिळनाडूतल्या पाळयंकोट्टै इथे केंद्र आहे, म्हणजे हा वाद फक्त युरोपातला राहिलेला नाही.

अँग्लिकन चर्चचं उदाहरण घेतलं की त्यांची अस्वस्थता आणखी उलगडते. १८९६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा पूर्णपणे निरर्थक आणि शून्यवत ठरवली. तो निर्णय आजही मागे घेतलेला नाही. १९६६ मध्ये पॉल सहावे यांनी कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅमसी यांच्या बोटात बिशपाची अंगठी घातली. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख असलेले ब्रिटनचे राजे चार्ल्स आणि पोप लिओ चौदावे यांनी सिस्टाइन चॅपलमध्ये एकत्र प्रार्थना केली. ज्याची दीक्षा शून्य, त्याला बिशपाची अंगठी कशी? हा प्रश्न अशिष्ट वाटला तरी तर्काला धरून आहे. कागदावर एक आणि कृतीत दुसरं असेल, तर लोक कृतीतून शिकतात, हा या सगळ्यांचा धागा.

मिस्सेच्या बदलावरही ते हाच आरोप करतात. १९६९ ची नवी मिस्सा तयार करणाऱ्या समितीत सहा प्रोटेस्टंट निरीक्षक होते. प्रोटेस्टंट बंधूंना टोचेल असं सगळं गाळून टाकलं, बलिदानाची भाषा फिकी केली, असा त्यांचा दावा. निरीक्षकांना मतदानाचा हक्क नव्हता, हे खरं. पण ते तिथे होते, हेही खरं.

यात एक भाग मात्र असा आहे जिथे मला तटस्थ राहता येत नाही. ज्यू लोकांविषयी. गुड फ्रायडेच्या जुन्या प्रार्थनेत ज्यूंसाठी अविश्वासू या अर्थाचं एक विशेषण होतं. ते पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ मध्ये काढलं. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही, हे ‘नोस्त्रा एताते’ने स्पष्ट केलं. युरोपात साठ लाख ज्यूंच्या कत्तलीला तेव्हा वीस वर्षं झाली होती. १९८८ मध्ये लफेव्र यांनी पोपची परवानगी नसताना चार बिशपांना दीक्षा दिली आणि सगळे बहिष्कृत झाले. जानेवारी २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या चौघांवरचा बहिष्कार उठवला, त्याच आठवड्यात त्यांतले रिचर्ड विल्यमसन स्वीडिश टीव्हीवर गॅस चेंबर नव्हतेच असं सांगताना दिसले. संघाने त्यांना गप्प केलं, माफी मागितली, २०१२ मध्ये काढून टाकलं. लफेव्र यांचे स्वतःचे वडील नाझींच्या छळछावणीत मेले होते. तरीही या वर्तुळात ज्यूद्वेष वारंवार डोकं वर काढतो, आणि ‘आम्ही धर्माला विरोध करतो, माणसाला नाही’ हे वचन तिथे मोडतं. ज्या आक्षेपाचा पायाच हा फरक आहे, त्याने हा फरक पाळला नाही तर उरतं काय?

रोमचं उत्तर काय? २००० मध्ये ‘दोमिनुस येसुस’ या दस्तऐवजाने ख्रिस्त हाच एकमेव तारणारा आहे, सगळे धर्म समांतर वाटा नाहीत, असं ठणकावून सांगितलं. तेव्हा प्रोटेस्टंट आणि इतर धर्मीय दुखावले. २००५ मध्ये बेनेडिक्ट यांनी मांडलं की परिषद म्हणजे तुटणं नव्हे, सातत्यातली सुधारणा. संवाद आणि सुवार्तेची घोषणा या दोन्ही गोष्टी चर्चच्याच आहेत, एक केल्याने दुसरी संपत नाही, ही अधिकृत भूमिका.

पोप फ्रान्सिस यांच्या काळात ही घडी पुन्हा विस्कटली. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीत त्यांनी कैरोतल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांच्यासह सही केलेल्या निवेदनात धर्मांची विविधता देवाच्या ज्ञानी इच्छेतून आली, असं वाक्य होतं. कझाकस्तानचे बिशप अथानासियस श्नायडर यांनी महिन्याभरात पोपना समोरासमोर विचारलं. हे संघाचे नव्हेत, रोमच्या आज्ञेतले बिशप. देव एखादी गोष्ट घडू देतो या अर्थाने ते घेता येईल, असं पोपनी सांगितलं. श्नायडर यांची अडचण अशी, की त्याच वाक्यात स्त्री-पुरुष भेदही आहे, आणि तो तर देवाने मुद्दाम निर्माण केला. मग एकाच वाक्यात इच्छेचे दोन अर्थ कसे? सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या तरुणांसमोर फ्रान्सिस म्हणाले की सगळे धर्म देवापर्यंत पोचण्याच्या वाटा आहेत, वेगवेगळ्या भाषांसारख्या. आपल्या श्लोकातलं पाणी इथे थेट समुद्राला मिळालं. मला ते वाक्य आवडलं. पण ‘दोमिनुस येसुस’ वाचलेल्या कॅथलिकाला ते कुठे बसवायचं हे कळलं नाही, तर दोष त्याला देता येणार नाही.

माझं मत असं, की हा आक्षेप एका गोष्टीत बरोबर आहे: धर्मांचे सत्याचे दावे वेगळे आहेत, आणि ते वेगळे नाहीत असं भासवून केलेला संवाद प्रामाणिक नसतो. संवाद खरा व्हायचा तर दोघांनी आपापलं म्हणणं पूर्ण मांडावं लागतं. आक्षेप चुकतो तो एकत्र उभं राहणं म्हणजे शरण जाणं असं मानण्यात. वसईच्या किंवा सालसेतच्या कॅथलिकाला हिंदू आणि मुस्लिम शेजाऱ्यांशिवाय दिवस काढता येत नाही. गणपतीच्या प्रसादापासून मयताला खांदा देण्यापर्यंत तो रोज संवाद करतो, आणि रविवारी मिस्सेला जातो, श्रद्धा सोडत नाही. युरोपातल्या एकधर्मी गावाच्या आठवणीतून लिहिलेले नियम त्याच्या जगण्याला पुरत नाहीत.

२००९ ते २०११ या काळात व्हॅटिकन आणि लफेव्र यांच्या संघात सिद्धांतांवर प्रदीर्घ चर्चा झाली. परिषदेच्या शिकवणी स्वीकारा, ही रोमची अट. त्या दुरुस्त करा, ही संघाची. करार झाला नाही. पुढे फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये संघाच्या धर्मगुरूंना पापकबुली ऐकण्याचा आणि २०१७ मध्ये लग्नं लावण्याची व्यवस्था करून देण्याचा मार्ग खुला केला. ज्या पोपच्या वाक्यांनी त्यांना सर्वांत जास्त अस्वस्थ केलं, त्याच पोपने त्यांच्या भाविकांची ही सोय केली. सिद्धांतांचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही: ऐक्य, धर्मस्वातंत्र्य आणि इतर धर्म यांविषयीचे तेच तीन दस्तऐवज वादात राहिले.